डोळ्यातील कृत्रिम भिंग : एका प्रकाशाची वाटणी

(दृष्टिदान दिनानिमित्त जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या ज्येष्ठ नागरिक व आरोग्यसेवकांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नेत्रविशारद डॉ. आर. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ १० जून हा दिवस महाराष्ट्रात दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने नेत्रदानाविषयी, डोळ्यांच्या निगेविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मी मात्र एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, तो भिंगाचा. 'साधे भिंग बसवायचे की भारी?' भारी म्हणजे ज्याला डॉक्टर मंडळी 'मल्टिफोकल' म्हणतात ते, आणि आपण ज्याला बहुकेंद्री म्हणू ते.

मी नेत्रतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि तज्ज्ञांचे ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. या प्रश्नाला मी हात घातला याचे कारण असे की, त्यापायी काही घरांत शस्त्रक्रियाच लांबणीवर पडते. मुलाला वाटते, वडिलांना सर्वांत महागडे भिंग बसवावे. वडिलांना वाटते, एवढा खर्च मुलाच्या माथी कशाला? 'पैसे जमले की पाहू' असे म्हणत वर्ष निघून जाते आणि तेवढा काळ वडील अंधुक उजेडात चाचपडत राहतात. सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिणारे भिंग हलके असते, हा समज या दिरंगाईच्या मुळाशी असतो. म्हणून हे बहुकेंद्री भिंग काय करते, कसे करते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

निसर्गाचे भिंग आणि आपली 'चाळिशी'

डोळ्यात प्रकाश शिरतो तो प्रथम पारपटलातून. प्रकाशकिरण वळविण्याचे निम्म्याहून अधिक काम हे पारपटलच करते. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. पारपटलाची शक्ती सुमारे ४३ डायॉप्टर आणि त्यामागे बाहुलीआड बसलेल्या नैसर्गिक भिंगाची सुमारे २० डायॉप्टर असते. दोघे मिळून बाहेरच्या जगाचे चित्र मागच्या दृष्टिपटलावर उमटवितात.

भिंगाचा वाटा आकड्यात लहान असला तरी त्याच्याजवळ एक गुण असा आहे, जो पारपटलाजवळ नाही. ते आपला आकार बदलू शकते. दूरच्या डोंगराकडे पाहताना ते चपटे राहते. हातातल्या पोथीकडे पाहताना फुगीर होते. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे दाखवून दिले की, जवळचे आणि दूरचे पाहण्यातील हा बदल भिंगातच घडतो. या गृहस्थांचे नाव आपण लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

वयाबरोबर हे भिंग कठीण होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास त्याची ही लवचिकता अपुरी पडू लागते. वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, सुईत दोरा जाईना होतो. आपल्या भाषेने तर या वयाचेच नाव चष्म्याला देऊन टाकले आहे. 'माझी चाळिशी कुठे ठेवली?' असे आपण सहज म्हणतो. पुढे त्याच भिंगातील पारदर्शकता कमी होऊ लागली, ते गढूळ झाले, की त्याला मोतीबिंदू म्हणतात. चाळिशीला चष्मा पुरतो. मोतीबिंदूला शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही.

काढलेल्या भिंगाच्या जागी

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास जुना आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. गढूळ भिंग दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारण्याची पद्धत अनेक शतके चालू होती. १७४७ मध्ये फ्रान्सचे जाक दाव्हिएल यांनी भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि नव्या पद्धतीचा पाया घातला. पण भिंग काढल्यावर त्याची उणीव भरून कशाने काढायची? दीर्घकाळ याचे उत्तर एकच होते : जाड काचांचा चष्मा. आपल्यापैकी अनेकांनी आजोबा-आजींच्या नाकावर तो पाहिला असेल. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा परावलंबी होई.

या अडचणीतून वाट काढली ती लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांचे पारदर्शक प्लॅस्टिक फुटून त्याचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. अशा जखमी डोळ्यांची पाहणी करताना, हे कपचे डोळ्यात राहूनही फारसा दाह होत नाही, असे रिडली यांच्या ध्यानात आले. मग याच जातीच्या पदार्थाचे भिंग करून डोळ्यात का ठेवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी असे पहिले भिंग डोळ्यात बसविले. त्या पहिल्या भिंगाची शक्ती गरजेपेक्षा फार अधिक ठरली आणि रुग्णाला दूरचे पाहण्यास चष्मा लागलाच. तरीही कल्पना खरी ठरली. त्या काळच्या अनेक नामवंत तज्ज्ञांनी तिला कडाडून विरोध केला. रिडली यांना 'सर' हा किताब मिळाला तो २००० साली, म्हणजे पन्नास वर्षांनंतर.

पुढील प्रगती आपण थोडक्यात पाहू. १९६७ मध्ये अमेरिकेचे चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत काढली. नंतर घडी घालता येण्याजोगी भिंगे आली आणि ती तीन मिलिमीटरहून लहान छेदातून आत सरकविता येऊ लागली. आपल्या देशात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे येथेच तयार करून त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबविला गेला आणि जाड चष्म्याची जागा डोळ्यातील भिंगाने घेण्याच्या कामाला वेग आला.

एका केंद्राची मर्यादा

हे कृत्रिम भिंग साधारण तुरीच्या डाळीएवढे, सहा मिलिमीटर व्यासाचे असते. त्याला दोन नाजूक बाहू असतात व त्यांच्या आधाराने ते नैसर्गिक भिंगाच्या रिकाम्या पिशवीत बसते. ते स्वच्छ असते, टिकाऊ असते. पण निसर्गाच्या भिंगासारखे फुगू-चपटू शकत नाही. त्याची शक्ती एकच, म्हणून त्याचे केंद्रही एकच. बहुधा ते दूरच्या दृष्टीसाठी निवडतात. मग गाडीची पाटी, समोरून येणारे माणूस, शेताचा बांध चष्म्यावाचून स्वच्छ दिसतो. तांदूळ निवडायला, पोथी वाचायला चाळिशी लागते.

चष्म्याची ही उरलेली गरजही दूर करता येईल का, या विचारातून बहुकेंद्री भिंग जन्मास आले. १९८० नंतरच्या दशकात या प्रयत्नांना मूर्त रूप आले आणि १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन पिअर्स यांनी दोन केंद्रांचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. दोन भागांच्या चष्म्यात आपण वरच्या भागातून दूरचे व खालच्या भागातून जवळचे पाहतो; एका वेळी एकच भाग वापरतो. डोळ्यातील भिंगाला ही सोय नाही. नजर जिकडे वळेल तिकडे तेही वळते. त्यामुळे दूरची आणि जवळची, अशी दोन्ही चित्रे एकाच वेळी दृष्टिपटलावर पडतात. त्यांतले हवे ते उचलणे आणि नको त्याकडे दुर्लक्ष करणे, हे काम मेंदूचे.

वाटणीच्या दोन रीती

प्रकाशाची अशी वाटणी करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली कडी-कडीची. भिंगाच्या मध्यापासून कडेपर्यंत एकात एक अशी वर्तुळाकार कडी घडवायची. एका कड्याची वक्रता दूरच्यासाठी, पुढच्याची जवळच्यासाठी. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले पहिले बहुकेंद्री भिंग या जातीचे होते व त्याला पाच कडी होती. रचना समजण्यास सोपी, पण तिच्यात एक उणीव आहे. भर उन्हात आपली बाहुली आकसते, तेव्हा बाहेरची कडी झाकली जातात. अंधारात ती विस्फारते, तेव्हा सगळी उघडी पडतात. म्हणजे कोणत्या अंतराला किती प्रकाश मिळेल, हे उजेडावर आणि प्रत्येकाच्या बाहुलीच्या आकारावर अवलंबून राहते. शिवाय भिंग मध्यापासून किंचित सरकले तरी हिशेब बिघडतो.

दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. प्रकाश लहरींच्या रूपाने पसरतो. बांधाच्या फटीतून आलेली पाण्याची लाट जशी पलीकडे पंख्यासारखी फाकते, तसा प्रकाशही अरुंद कडेपाशी फाकतो. याला विवर्तन म्हणतात. दोन लहरींचे चढ एकमेकांवर पडले तर प्रकाश वाढतो. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला तर तो मावळतो. हे तत्त्व मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे आताच उल्लेखिलेले थॉमस यंग. डोळ्याचे भिंग आकार बदलते हे ज्यांनी दाखविले, त्यांच्याच लहरींच्या सिद्धांताचा आधार आज आकार न बदलणाऱ्या भिंगाला घ्यावा लागतो, हा शास्त्राच्या इतिहासातील एक सुंदर योग आहे.

या जातीच्या भिंगावर अतिशय बारीक पायऱ्यांची वर्तुळे कोरलेली असतात. आपण लेझीमची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. निरनिराळ्या गल्ल्यांतून पथके चौकाकडे निघाली आहेत. कोणाची वाट लांब, कोणाची जवळची. पण दर पुढच्या गल्लीचे अंतर बरोबर एका ठेक्याने अधिक ठेवले, तर चौकात साऱ्यांचा ठेका एकच पडेल. भिंगावरील वर्तुळांची मांडणी हीच असते. प्रत्येक वर्तुळापासून जवळच्या केंद्रापर्यंतचा प्रकाशाचा मार्ग आधीच्या वर्तुळापेक्षा नेमका एका लहरीने अधिक ठेवलेला असतो. म्हणून त्या केंद्रावर सर्व लहरी ठेक्यात येतात व तेथे जवळचे चित्र उमटते. ही वर्तुळे मध्याशी रुंद आणि कडेकडे अधिकाधिक अरुंद होत जातात. भिंगात चार डायॉप्टरची भर हवी असेल, तर पहिल्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे अर्धा मिलिमीटर येते. ही भर चष्म्याच्या हिशेबाने तीन डायॉप्टरहून थोडी अधिक ठरते आणि वाचनाचे अंतर सुमारे एक फुटाचे मिळते.

वर्तुळांची जागा केंद्र कोठे पडेल हे ठरविते. पायरीची उंची वाटणी किती होईल हे ठरविते. पायरीने प्रकाशाला अर्ध्या लहरीइतका उशीर लावला, तर सुमारे ४१ टक्के प्रकाश दूरच्या केंद्राकडे आणि तेवढाच जवळच्या केंद्राकडे जातो. उरलेला सुमारे १८ टक्के कोणत्याच उपयोगी केंद्रावर पडत नाही. यासाठी लागणारी पायरी केवढी? सुमारे १.३ मायक्रॉन. आपला एक केस सत्तरएक मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी! एवढ्या बारीक कोरीव कामावर या भिंगाचे सारे गुण आणि बरीचशी किंमत अवलंबून आहे.

पुढे या रचनेत सुधारणा झाल्या. २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका भिंगात कोरीव भाग मधल्या ३.६ मिलिमीटरपुरताच ठेवला आणि पायऱ्यांची उंची १.३ मायक्रॉनपासून कडेकडे ०.२ मायक्रॉनपर्यंत उतरती केली. हेतू हा की, दिव्याच्या उजेडात वाचताना बाहुली लहान असते, तेव्हा दोन्ही अंतरांना सारखा प्रकाश मिळावा. रात्री रस्त्यावर बाहुली मोठी होते, तेव्हा अधिक वाटा दूरच्या दृष्टीला जावा. नंतर मधल्या अंतराचा प्रश्न पुढे आला. स्वयंपाकाचा ओटा, दुकानातील तराजू, संगणकाचा पडदा ही कामे हातभर अंतराची असतात. त्यासाठी २०१० च्या सुमारास युरोपात तीन केंद्रांची भिंगे आली. अमेरिकेत अशा भिंगाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. आणखी एका जातीत स्वतंत्र केंद्रे पाडण्याऐवजी एकच केंद्र लांबट केलेले असते. त्यात दूरचे व मधले चांगले दिसते, बारीक अक्षरांसाठी मात्र चाळिशी लागू शकते.

वाटणीची किंमत

आता मुद्द्याकडे येतो. बहुकेंद्री भिंग प्रकाश निर्माण करीत नाही. आलेल्या प्रकाशाची वाटणी करते. एका भाकरीचे तीन वाटे केले तर तिघांच्या पानात काही ना काही पडते, पण भाकरी तेवढीच राहते. एककेंद्री भिंगात जवळजवळ सारा प्रकाश एका चित्राला मिळतो. बहुकेंद्री भिंगात प्रत्येक चित्राला त्याचा हिस्सा मिळतो आणि स्पष्ट चित्रावर दुसऱ्याची फिकट छाया पडलेली असते. म्हणून मंद उजेडात, करड्यावर करडे असे फिके रंग ओळखताना दृष्टी काहीशी उणी पडते. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसते. चंद्राला खळे पडते ना, तसेच. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत याला सरावतो. काहींना हे खळे सतत खुपत राहते आणि क्वचित भिंग बदलण्याचीही पाळी येते.

तुलनात्मक अभ्यासांचे सार असे आहे : दूरची दृष्टी दोन्ही भिंगांनी सारखीच चांगली मिळते, बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते, आणि खळ्यांची तक्रार त्यातच अधिक आढळते. ज्यांना वाचन-लेखन, शिवणकाम, हिशेब सतत करावे लागतात, चष्मा नकोसा वाटतो आणि ज्यांचे डोळे एरव्ही निरोगी आहेत, त्यांना ते खरोखर सुखाचे ठरते. परंतु ज्यांना काचबिंदू आहे, मधुमेहाने दृष्टिपटल बिघडले आहे, पारपटल वेडेवाकडे आहे किंवा डोळे फार कोरडे पडतात, त्यांच्या बाबतीत डॉक्टर सहसा सावध राहतात. जिथे मुळात दृष्टिपटलाची ग्रहणशक्ती कमी झाली आहे, तिथे प्रकाशाचे आणखी वाटे परवडणारे नसतात. रात्री वाहन चालविणाऱ्यांनीही पुरता विचार करावा.

शिवाय हे भिंग काटेकोर मोजमाप मागते. डोळ्याची लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. एककेंद्री भिंगात राहिलेला थोडा फरक चष्म्याने भरून निघतो; चष्मा जावा म्हणूनच ज्याने अधिक पैसे मोजले, त्याला तोच फरक जाचतो.

निवड कशी करावी?

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. माझे दृष्टिपटल व पारपटल निरोगी आहे का? माझ्या रोजच्या कामाला कोणते अंतर अधिक लागते? रात्री मला काय त्रास होऊ शकेल? सर्व करूनही चष्मा कशासाठी लागू शकेल? एका डोळ्याचे भिंग दूरसाठी व दुसऱ्याचे थोडे जवळसाठी निवडण्याचाही एक मार्ग आहे. तो आपल्याला मानवेल का, हेही विचारावे. शस्त्रक्रियेनंतर भिंगाचे नाव, शक्ती व क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे आणि शिधापत्रिकेइतके जपून ठेवावे. पुढे कधी डोळ्याचा काही प्रश्न उद्भवला तर ते डॉक्टरांच्या कामी येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह विनामूल्य होते. तेथे मिळणारे एककेंद्री भिंग दुय्यम नाही. दूरची निर्मळ दृष्टी देण्यात ते कोणत्याही भारी भिंगाच्या तोडीचे आहे. प्रकाशाची वाटणी करीत नसल्यामुळे अंधुक उजेडात ते थोडे सरसही ठरते. त्याच्या जोडीला लागते ती फक्त वाचनाची चाळिशी. ज्याची ऐपत आहे, ज्याचा डोळा योग्य आहे, त्याने बहुकेंद्री भिंग आनंदाने घ्यावे. त्यासाठी कोणी कर्ज काढू नये, दागिना गहाण टाकू नये आणि पैशांची वाट पाहत शस्त्रक्रिया तर मुळीच लांबवू नये.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आढळले. सुमारे दोन-तृतीयांश अंधत्व त्यामुळे होते. ज्याच्यावर खात्रीचा उपाय आहे, त्यानेच सर्वाधिक माणसे अंधारात राहावीत, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. त्यातही स्त्रिया मागे राहतात. घरातील आजी 'मला आता काय पाहायचंय?' असे म्हणते आणि सगळे गप्प बसतात. आरोग्यसेवक आणि आशा भगिनींना माझी विनंती आहे की, हे वाक्य कानी पडेल त्या घरी त्यांनी पुन्हा एकदा जावे. आजीला नातवंडाचे तोंड पाहायचे असते, चुलीवरचे दूध उतू जाताना पाहायचे असते, रात्री अंगणाची पायरी पाहायची असते. त्यासाठी एका केंद्राचे भिंगही पुरेसे आहे. मात्र ते वेळेवर बसले पाहिजे.